क्यूच्या वर डोकं कुठे?

पूलच्या टेबलावर क्यूने, म्हणजे खेळायच्या काठीने, नेम कसा धरावा हे ऐकायला तुम्ही आलात, आणि मी सुरुवातीला बॉलला हातच लावणार नाही. आधी सगळ्यांनी दोन्ही हात समोर ताणा. तळवे एकमेकांवर असे ठेवा की मध्ये बोटभर फट राहील. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून मागच्या भिंतीवरचं घड्याळ पकडा. आता डावा डोळा मिटा. घड्याळ आहे की गेलं? मग डावा उघडून उजवा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहिलं, तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या डोळ्यावाले हात वर करा बरं. हं, जास्त आहेत. साधारण तिनात दोन माणसं तशीच असतात.

आता लगेच क्यू त्या डोळ्याखाली नेऊ नका. मी नेली होती, आणि त्यात माझी दोन वर्षं गेली. त्याआधी मला कुणीतरी सांगितलं होतं की हनुवटीचा मध्य क्यूवर टेकव, सगळे मोठे खेळाडू तसंच करतात. बरेच जण करतातही. पण ज्याचे दोन्ही डोळे जवळजवळ सारखं काम करतात त्याला ते जमतं. दुसऱ्याची हनुवटी पाहून आपलं डोकं ठेवायचं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचायचा.

हे का बिघडतं ते सांगतो. गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून कधी स्पीडचा काटा पाहिलाय? तो खऱ्यापेक्षा वेगळा आकडा दाखवतो. काटा बरोबरच असतो, आपण बाजूने बघत असतो. याला पॅरलॅक्स म्हणतात. टेबलावर क्यू म्हणजे तो काटा. धरा, डोळ्यापासून पांढरा बॉल, म्हणजे क्यूने मारायचा तो, अर्धा मीटर लांब आहे आणि त्याच्यापुढे एक मीटरवर दुसरा बॉल. बघणारा डोळा क्यूच्या रेषेपासून फक्त 1 सेंटिमीटर उजवीकडे गेला, तर पांढऱ्या बॉलच्या मध्यावरून पुढे नेलेली नजर दुसऱ्या बॉलपाशी 2 सेंटिमीटर डावीकडे पोहोचते. आणि आपल्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमध्येच अंतर असतं सहा-सव्वासहा सेंटिमीटर. पूलचा बॉल आहे 57.15 मिलिमीटरचा. म्हणजे दोन डोळ्यांच्या मध्ये एक अख्खा बॉल बसतो. एवढ्या जागेत डोकं कुठेही ठेवून कसं चालेल?

तुम्ही म्हणाल, दोन-चार मिलिमीटरनं काय होतंय. हिशोब करू. अगदी सरळ शॉट आहे, बॉलपासून पॉकेट एक मीटरवर. पांढरा बॉल 2 मिलिमीटर बाजूला लागला. पुढचा बॉल जवळजवळ 2 अंशांनी वळतो आणि मीटरभर जाईपर्यंत साडेतीन सेंटिमीटर भरकटतो. नऊ फुटी टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेअकरा सेंटिमीटर. त्यातून बॉल वजा केला तर दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरही उरत नाहीत. गेला शॉट. कट, म्हणजे बॉलला बाजूने लागून तिरका पाठवायचा शॉट, मारताना तर चूक आणखी फुगते.

मेंदू मात्र फार लबाड असतो. वर्षानुवर्षं डोकं वाकडं ठेवलं तर तो हाताला गुपचूप दुरुस्ती शिकवतो. म्हणून मग डावीकडचे कट धडाधड पडतात आणि उजवीकडच्या साध्या कटला पांढरा बॉल जाड, म्हणजे हवा त्यापेक्षा मध्याजवळ, लागतो. असं होत असेल तर रोज शंभर शॉट मारण्याआधी डोकं तपासा.

जो डेव्हिसचं उदाहरण मला फार आवडतं. स्नूकरची, म्हणजे पूलच्याच जातीच्या खेळाची, जागतिक स्पर्धा 15 वेळा जिंकलेला माणूस. खेळायचा उजव्या हाताने, आणि क्यू जायची डाव्या डोळ्याखालून, कारण उजव्या डोळ्याची नजर कमजोर होती. चष्मेवाल्यांसाठी डेनिस टेलर, हाही स्नूकरवालाच. 1985 च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटच्या काळ्या बॉलवर जिंकला तेव्हा त्याचा तो उलटा वाटणारा मोठा चष्मा सगळ्यांनी पाहिला. लोक हसले असतील, पण त्यामागचा विचार चोख होता. क्यूवर वाकलं की आपण काचेच्या वरच्या कडेतून बघतो. तिथे नजर नीट नसते, मध्ये फ्रेमही येते. काच वर चढवली की वाकूनही काचेच्या मध्यातून बघता येतं.

मग आपली जागा शोधायची कशी? एक पांढरा दोरा घ्या. पॉकेटपासून आपल्या दिशेनं टेबलावर ताणून बांधा. त्यावर क्यू ठेवून नेहमीसारखे खाली वाका आणि डोकं अगदी सावकाश डावी-उजवीकडे सरकवा. बहुतेक ठिकाणी दोरा किंचित तिरका जातोय असं वाटेल. एका ठिकाणी तो सरळ पॉकेटात शिरेल. तिथे थांबा. समोर, दोऱ्याच्या टोकाशी, मोबाइल लावून ठेवलेला असेल तर चित्रीकरणात दिसेल की दोरा तुमच्या चेहऱ्यावर कुठे येतोय. माझ्या बाबतीत तो उजव्या डोळ्याखाली नाही, नाकाच्या उजव्या कडेला येतो. मघाच्या घड्याळाच्या चाचणीनं हे कळलं नसतं. मान वळवली, डोळे तिरके केले की दोन डोळ्यांतला हिशोबही बदलतो.

हाताचा दोष आणि नजरेचा दोष वेगळा काढायचा असेल तर एक मित्र पॉकेटमागे बसवा. तुम्ही नेम धरा, मारू नका. क्यू कुठे बघतेय ते तो सांगेल. क्यू आधीच बाजूला असेल तर नजर चुकली. ती सरळ असून मारल्यावर शॉट चुकला तर हात.

घोस्ट बॉल (पांढरा बॉल जिथे येऊन टेकायला हवा तिथे मनात एक बॉल धरायचा), हाफ बॉल (अर्ध्या बॉलवर मारायचं) वगैरे नेमाच्या पद्धती मी टाकाऊ म्हणत नाही. पांढऱ्या बॉलचा मध्य दुसऱ्या बॉलच्या कडेवर धरला की साधारण 30 अंशांचा कट होतो, हे माहीत हवंच. पण ती कड कुठे आहे, हे आधी खरं दिसायला हवं ना? रेषा उभ्यानं ठरवा, डोकं त्या रेषेवरून खाली आणा, आणि खाली गेल्यावर ती वाकडी वाटली तर मान वळवून जमवू नका. सरळ उभे राहा, पुन्हा वाका. क्यू मागे-पुढे करताना नजर दोन्ही बॉलवर फिरू दे, मात्र शेवटच्या क्षणी ती ज्या बॉलला पाडायचंय त्याच्यावर स्थिर ठेवा. ब्रेक (सुरुवातीला बॉल फोडायचा शॉट) आणि जंप (बॉल उडवायचा) शॉट सोडून. तिथे मी पांढऱ्याकडेच बघतो.

दोरा मी आणलाय. टेबल रिकामं आहे. चष्मेवाले आधी या, तुम्हाला वेळ जास्त लागेल.