नेप्च्युनियमच्या चार अवस्था

(दृश्य: ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे हातमोजे जोडलेल्या बंद पेटीच्या, काचेआड ओळीने ठेवलेल्या चार कुप्या)

या चारही कुप्यांमध्ये एकच मूलद्रव्य आहे. पहिल्या कुपीतील द्रावण जांभळे आहे, दुसरीतील पिवळसर हिरवे, तिसरीतील हिरवे आणि चौथीतील फिकट गुलाबी. प्रत्येकीत आम्लात विरघळलेले नेप्च्युनियम आहे, म्हणजे आवर्तसारणीत युरेनियमच्या लगेच पुढे येणारे ९३ अणुक्रमांकाचे मूलद्रव्य. रंगांतला फरक पडतो तो प्रत्येक अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत त्यावरून: जांभळ्या कुपीत तीन, आणि पुढच्या कुप्यांत क्रमाने चार, पाच आणि सहा. रसायनशास्त्रात याला ऑक्सिडीकरण अवस्था म्हणतात. द्रावणात नेप्च्युनियम किती आहे, हे त्याच्या किरणोत्सारावरून मोजता येते. ते कोणत्या अवस्थेत आहे, हे मात्र किरणोत्सार सांगत नाही, आणि या मूलद्रव्याच्या बाबतीत तोच प्रश्न आधी विचारायला हवा.

(दृश्य: सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्राची जुनी छायाचित्रे)

या मूलद्रव्याचा शोधही याच प्रश्नाशी अडला होता. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे एडविन मॅकमिलन यांनी युरेनियमच्या पातळ थरावर न्यूट्रॉनांचा मारा केला. अणूंच्या विखंडनातून निघालेले तुकडे थरातून बाहेर उडून गेले, परंतु सुमारे २.३ दिवस अर्धायुकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) असलेली एक किरणोत्सारिता थरातच राहिली. ती नव्या मूलद्रव्याची असावी अशी शंका होती, आणि त्या काळच्या आवर्तसारणीप्रमाणे ९३वे मूलद्रव्य ऱ्हीनियमसारखे वागायला हवे होते. एमिलिओ सेग्रे यांनी तिची रासायनिक परीक्षा केली तेव्हा ती ऱ्हीनियमसारखी वागली नाही. तिचे वागणे विरल मृदा मूलद्रव्यांसारखे (सीरियम आणि त्याच्याशी साम्य असलेल्या धातूंसारखे) दिसले, आणि म्हणून तो विखंडनाचाच एखादा तुकडा असावा असा निष्कर्ष निघाला.

मे १९४० मध्ये फिलिप एबलसन थोड्या दिवसांच्या सुटीवर बर्कलेला आले आणि त्यांनी ही परीक्षा नव्याने घेतली. द्रावणात सल्फर डायऑक्साइड हा क्षपणकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, असताना ती किरणोत्सारिता सीरियम फ्लोराइडच्या साक्याबरोबर खाली बसत होती. ब्रोमेटसारखा ऑक्सिडीकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेणारा पदार्थ, घातला की ती साक्यात न येता द्रावणात राहत होती. विरल मृदा मूलद्रव्यांपैकी कोणतेही असे वागत नाही. सेग्रे यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते, ते एकाच अवस्थेतील अणूंचे होते. अवस्था बदलून पाहिल्यावर नवे मूलद्रव्य समोर आले, आणि युरेनियमपलीकडच्या रसायनशास्त्राची सुरुवात झाली.

(दृश्य: छतावरील धूरसूचक यंत्र)

आज नेप्च्युनियम तितके दुर्मीळ राहिलेले नाही. धुराची सूचना देणाऱ्या अनेक यंत्रांत अमेरिसियम-२४१ चा अत्यल्प अंश असतो आणि त्याच्या क्षयातून नेप्च्युनियम-२३७ हळूहळू तयार होत असते. अणुभट्टीच्या इंधनात ते याहून कितीतरी अधिक प्रमाणात तयार होते, कारण युरेनियम-२३५ चे काही अणू न्यूट्रॉन शोषूनही फुटत नाहीत आणि पुढच्या रूपांतरांतून नेप्च्युनियमपर्यंत पोहोचतात. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे १९६० च्या दशकापासून आणि नंतर तारापूर येथेही वापरलेल्या इंधनाचे पुनःप्रक्रियण, म्हणजे त्यातील उपयुक्त द्रव्ये वेगळी काढणे, होत आले आहे. अशा प्रक्रियेत ट्रायब्यूटाइल फॉस्फेट हा द्रव चार आणि सहा या अवस्थांतील नेप्च्युनियम उचलतो, पाचमधील मात्र जवळजवळ सोडून देतो. ते युरेनियमबरोबर पुढे जाईल की कचऱ्याच्या प्रवाहात उतरेल, हे असे एका इलेक्ट्रॉनवर ठरते.

(दृश्य: हातमोजे घातलेले हात विद्युतरासायनिक कोष जुळवताना)

आता हा छोटा कोष पाहावा. यात तीन इलेक्ट्रोड आहेत. पहिल्यावर नेप्च्युनियमची अभिक्रिया घडते, दुसरा विद्युतप्रवाहाचे वर्तुळ पूर्ण करतो, आणि चांदी व सिल्व्हर क्लोराइडचा तिसरा इलेक्ट्रोड स्थिर संदर्भ देतो, ज्याच्या तुलनेत पहिल्याचा विभव (व्होल्टेज) मोजला जातो. दोन्ही बाजूंना कॅप्टॉन या पिवळसर प्लॅस्टिकच्या पातळ खिडक्या आहेत, कारण क्ष-किरण त्यांतून सहज आरपार जातात. द्रावणातून निष्क्रिय वायूचे बुडबुडे सतत सोडले जातात, नाहीतर तीन अवस्थेतील नेप्च्युनियम हवेतील ऑक्सिजनमुळे टिकत नाही. नेप्च्युनियम-२३७ चे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, पण तेच द्रव्य श्वासावाटे शरीरात गेले तर घातक ठरते, आणि म्हणून हा कोष एकाआत एक अशा बंद आवरणांत ठेवूनच किरणांसमोर न्यावा लागतो. प्रयोगाआधी द्रावण शुद्धही करावे लागते. नेप्च्युनियमच्या क्षयातून प्रोटॅक्टिनियम-२३३ सतत तयार होत असते, त्याचा अर्धायुकाल अवघा २७ दिवसांचा असतो आणि त्याचा गॅमा किरणोत्सार मूळ द्रव्याहून अधिक त्रासदायक असतो. ही तयारी पाहताना कंटाळवाणी वाटू शकेल, परंतु प्रयोगाचे बहुतेक यश येथेच ठरते, असे आमचे मत आहे.

(दृश्य: उंचावरून दिसणारी वर्तुळाकार इमारत)

शिकागोजवळील आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीतील अॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स या यंत्राचा परीघ १,१०४ मीटर आहे. यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन चुंबकांच्या जोरावर वळवले जातात आणि त्या वळण्यातून अतिशय तीव्र क्ष-किरण बाहेर पडतात. स्फटिकांच्या साहाय्याने त्यांतून हवी ती ऊर्जा निवडता येते. नेप्च्युनियमसाठी ती सुमारे १७,६१० इलेक्ट्रॉन व्होल्टांच्या आसपास बदलत नेतात, कारण तेथे अणूच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन उखडला जातो आणि शोषण एकदम वाढते.

(दृश्य: पडद्यावर चढत जाणारा आलेख)

आलेखातील हा उभा चढ म्हणजे शोषणाची कड. अणूने जितके अधिक इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, तितके उरलेले इलेक्ट्रॉन केंद्रकाला अधिक घट्ट बांधलेले असतात, म्हणून तीनवरून चारवर जाताना कड काही इलेक्ट्रॉन व्होल्टांनी वर सरकते. चार आणि पाच यांच्यात मात्र कडेच्या जागेवर विसंबता येत नाही, कारण पाच आणि सहा या अवस्थांत नेप्च्युनियमच्या दोन बाजूंना दोन ऑक्सिजन अणू एका रेषेत आणि फार जवळ, सुमारे १.८ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), बांधलेले असतात आणि त्यामुळे आलेखाचा आकारच बदलतो. कडेपुढच्या बारीक लाटांतून ही अंतरे काढता येतात: विहिरीतील तरंग कठड्यावर आपटून परत यावेत, तशी उखडलेल्या इलेक्ट्रॉनची लहर शेजारच्या अणूंवरून परतते आणि मूळ लहरीत मिसळते.

यात एक धोका आहे. क्ष-किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात आणि त्या तुकड्यांमुळे नेप्च्युनियमची अवस्था मोजता मोजताच बदलू शकते. या पद्धतीत इलेक्ट्रोडचे खरे मोल येथे कळते, कारण मोजणी चालू असताना तो विभव धरून ठेवतो आणि अवस्था ढळू देत नाही. आर्गॉन येथील लिंडा सोडरहोम, मार्क अँटोनिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्क्लोरिक आम्लातील नेप्च्युनियमच्या तीन ते सहा या अवस्था अशा प्रकारे अभ्यासल्या. ते काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बर्केलियम या युरेनियमपलीकडच्याच दुसऱ्या मूलद्रव्यावरचे काम मांडले.

(दृश्य: विभवाचा आकडा आणि आलेख शेजारी शेजारी)

विभव पायरीपायरीने बदलला की आलेखातील दोन अवस्थांचे प्रमाणही बदलते. एका इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण असेल आणि तापमान २५ अंश सेल्सियस असेल, तर हे प्रमाण दहापट बदलण्यासाठी सुमारे ५९ मिलिव्होल्ट लागतात. तीन आणि चार, तसेच पाच आणि सहा, या जोड्या हा नियम लगेच पाळतात. पाच आणि चार यांच्यात मात्र केवळ इलेक्ट्रॉन देऊन भागत नाही, ते दोन घट्ट बांधलेले ऑक्सिजनही सोडवावे लागतात, आणि म्हणून ती अभिक्रिया फार मंद चालते. यावर प्रयोगशाळेत वापरली जाणारी युक्ती अशी की द्रावण आधी तीनपर्यंत खाली नेले जाते आणि मग तेथून एक पायरी वर चढवून चारवर आणले जाते.

(दृश्य: बोगद्याचा खडक)

पाच अवस्थेतील नेप्च्युनियम पाण्यात सहज विरघळते आणि मातीला फारसे चिकटत नाही, तर चार अवस्थेतील जवळजवळ विरघळत नाही. ऑक्सिजनयुक्त पाण्यात ते पाच अवस्थेत राहते, आणि नेप्च्युनियम-२३७ चा अर्धायुकाल २१ लाख वर्षांहून अधिक असल्यामुळे कचरा पुरायच्या खडकातील पाणी ऑक्सिजनयुक्त आहे की नाही, याचे महत्त्व फार मोठे आहे.

(दृश्य: प्रयोगानंतर कोषातील द्रावण)

प्रयोग संपल्यावर विभव बंद केला जातो आणि त्यानंतर निष्क्रिय वायूही थांबवला जातो. जांभळे द्रावण हवेतील ऑक्सिजन घेऊ लागते आणि हळूहळू पिवळसर हिरवे होत जाते.