पंप उतरवण्याआधी

(कळंबोलीत ट्रकच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

गाडी ओढत नाही, अशी तक्रार आल्याबरोबर तुमच्यापैकी किती जणांनी थेट डिझेलचा पंप उतरवला आहे? लाजू नका, मीही उतरवलेत. पंप सर्वात महाग आणि समोरच दिसणारा, म्हणून संशय आधी त्याच्यावर. माझा अनुभव मात्र असा, की बिचारा बहुतेक वेळा उपाशी असतो, आजारी नसतो.

आज बोलतोय ते फक्त जुन्या गाड्यांबद्दल. टाटाच्या 1210, 1613 त्या पिढीच्या. इंजिनाला खेटून लाइन पंप, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे दाबानं डिझेल पाठवणारा मुख्य पंप. त्याच्या अंगावर टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप आणि हातानं मारायचा छोटा पंप, म्हणजे प्रायमर. असा लाइन पंप बॉश या जर्मन कंपनीनं 1927 साली मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. त्याच्या एलिमेंटमधली, म्हणजे दट्ट्या (प्लंजर) आणि तो ज्यात सरकतो ती नळी यांमधली फट जेमतेम काही मायक्रॉनची. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे बघा. ते एलिमेंट खोलायचं काम पंपवाल्याचं, आपल्या गॅरेजच्या धुळीतलं नव्हे.

एक गाडी सांगतो. इथूनच स्टीलची कॉइल भरून भिवंडीला जायची. तळोजा, शीळफाटा व्यवस्थित पार व्हायची आणि मुंब्रा बायपासच्या चढावर दम टाकायची. पिकअप जायचा, गाडी मिसिंग करायची, म्हणजे एखादा सिलिंडर पेट घ्यायचा चुकायचा, आणि बंद पडायची. मागे हॉर्नचा कल्लोळ. वीसेक मिनिटं उभी ठेवली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही! मालकानं दोन वेळा पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप जुळवून घ्यायला पाठवला, नोझल बदलले, फिल्टर तर दर फेरीला नवा. तरी चढ आला की तेच.

मी ड्रायव्हरला विचारलं, ‘‘दादा, बंद पडल्यावर तुम्ही नेमकं काय काय करता?’’ म्हणाला, ‘‘प्रायमर मारून बघतो, पण तो वर खेचताना जड लागतो. आतून कुणी ओढून धरल्यासारखा.’’ इथेच खरं तर निदान झालं होतं. टाकीपाशी गेलो. झाकण पावसाळ्यात कुठेतरी पडलेलं, त्या जागी प्लास्टिकची पिशवी आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, करकचून. पाणी जाऊ नये म्हणून ड्रायव्हरनं प्रामाणिकपणे केलेली सोय. पट्टी सोडली तर टाकीनं ‘फुस्स’ करून हवा आत ओढली. डिझेल निघून जात होतं आणि त्याच्या जागी हवा यायला वाट नव्हती. टाकीत पोकळी झाली की फीड पंप तरी कुठवर ओढणार? उभी राहिली की हळूहळू हवा झिरपायची, म्हणून पुन्हा चालू व्हायची. दोन कॅलिब्रेशनचे पैसे एका झाकणापायी गेले.

आता एक गोष्ट घट्ट डोक्यात ठेवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची. फीड पंपापासून पुढे दाबाची. दाबाच्या बाजूला वायसर, म्हणजे जोडावरची चकती, गेलं की डिझेल बाहेर टपकतं, कुणालाही दिसतं. ओढीच्या बाजूला वायसर गेलं की डिझेल बाहेर येतंच असं नाही, हवा आत जाते. वरून सगळं कोरडं आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्टरला दाद देत नाही. हवा दाबली की आकसते. प्लंजर तिला दाबत बसतो आणि नोझल उघडायला साधारण 200 बार लागतात, ते काही येत नाहीत. त्यामुळे ‘कुठे गळत नाही’ म्हणून ती बाजू सोडून देऊ नका.

मी करतो ते असं. फीड पंपाचा टाकीकडचा पाइप सोडायचा, तिथे पारदर्शक नळी लावायची आणि नळीचं दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवायचं. कॅन फीड पंपापेक्षा उंच टांगायचा. हवा काढून गाडी चालू करायची. नीट चालली, रेस घेतली, तर दोष मागे: टाकी, आतला पाइप, जाळी, रबरी होज. होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो. तो कापल्याशिवाय कळत नाही. कॅनवरही रडली, तर फीड पंप, फिल्टर, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (जादा डिझेल परत सोडणारी झडप), मग पंप, हा क्रम. ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ झाली की पंपाच्या पोटात दाब टिकत नाही. छोटी वस्तू आहे, कुणी बघत नाही.

धुराकडेही बघा. स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून धुराचा ठिपूसही नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. अशा वेळी आधी इंजिन बंद करायची स्टॉपची केबल बघा! अडकून बंदच्या जागी राहिलेली असते आणि आम्ही फिल्टर खोलत बसतो. हसू नका, माझ्यावर ही वेळ आलेली आहे. काळा धूर भकाभका येत असेल तर डिझेल कमी पडत नाही, हवा कमी पडतेय किंवा नोझल नीट फवारत नाही. तिथे एअर क्लीनर बघा.

हवा काढताना घाई नको. फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर, मग पंपाचा स्क्रू. तांब्याचं वायसर तसंच परत लावू नका. नवं नसेल तर लालबुंद तापवून थंड होऊ द्या, मऊ पडतं, मग बसतं. आणि नोझलच्या नळ्यांचे नट एकेक सैल करून मिसिंग सिलिंडर शोधायची युक्ती फक्त या जुन्या इंजिनांवर. त्यातही हात आणि डोळे फवाऱ्यापासून लांब. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या गाडीवर चुकूनही नको. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. धार कातडीतून आत शिरते आणि बाहेरून फक्त सुईएवढं भोक दिसतं. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल.

बाहेर ती 1613 उभी आहे, सकाळी ढकलून आणलेली. काय झालंय ते मला माहीत नाही, मुद्दाम विचारलेलं नाही. कॅन आणि नळी मी आणलीय. कॅन वर धरायला कोण येतंय?