वहीतली चूक आणि उद्याचा तास

शिक्षक बंधू-भगिनींनो,

'अध्यापनातील चिंतन' हा विषय ऐकला की आपल्यापैकी अनेकांना टाचणवहीतला, म्हणजे रोजच्या पाठांची आखणी लिहितो त्या वहीतला, तो शेवटचा रकाना आठवत असेल, ज्यात आपण 'पाठ समाधानकारक झाला, उद्दिष्टे साध्य झाली' असे लिहून खाली सही करतो. मला आज ज्याविषयी बोलायचे आहे ते त्या रकान्यात मावणारे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की चिंतनाने वर्गातले शिकणे सुधारायचे असेल, तर त्या चिंतनासमोर मुलाच्या कामाचा प्रत्यक्ष पुरावा असावा लागतो आणि त्यातून पुढच्या तासात काहीतरी बदलावे लागते. पुरावा नसेल तर आपण स्वतःची समजूत घालत असतो. आणि काहीच बदलणार नसेल, तर आणखी एक रजिस्टर भरल्याचे समाधान तेवढे पदरात पडते.

एक साधी वजाबाकी घेऊ. ५०३ मधून २६८ वजा करायचे आहेत आणि उत्तर २३५ यायला हवे. पहिल्या वहीत उत्तर आहे ३६५. दुसऱ्या वहीत २४५. तिसऱ्या वहीत २३४. तिन्ही वह्यांवर लाल शाईची सारखीच फुली पडते, तिन्ही मुलांना 'पुन्हा सोडव' असे सांगितले जाते आणि बहुधा तिघेही पुन्हा तेच उत्तर काढून आणतात. आता या तीन उत्तरांकडे जरा थांबून पाहा. ३६५ लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून तीन, सहातून शून्य, पाचातून दोन. त्याच्या दृष्टीने ही एक संख्या नाहीच. शेजारी शेजारी मांडलेल्या तीन वेगळ्या वजाबाक्या आहेत. २४५ लिहिणाऱ्या मुलीला उसना घ्यावा लागतो हे ठाऊक आहे. तिने शतकातून एक उसना घेतला, एककाचे तेरा केले, पण मधल्या शून्याचे दहा करून ते दहाच ठेवले. त्यातला एक एककाकडे गेला, म्हणून तिथे नऊ उरले, ही पायरी तिच्याकडून निसटली आहे. तिसऱ्या मुलाची रीत पूर्णपणे बरोबर आहे, फक्त तेरातून आठ वजा करताना त्याने पाचाऐवजी चार लिहिले.

तीन फुल्या, पण तीन वेगळी कारणे आणि म्हणूनच तीन वेगळे उपाय. पहिल्या मुलाला पुन्हा काड्यांच्या गठ्ठ्यांपाशी न्यावे लागेल. दुसऱ्या मुलीसमोर शंभराची एक खोटी नोट ठेवून, ती मोडून दहाच्या दहा नोटा आणि त्यांतली एक मोडून दहा सुटे रुपये तिच्याच हाताने करून घ्यावे लागतील. तिसऱ्याला बहुधा काहीच शिकवायचे नाही. आपले उत्तर ताडून पाहण्याची सवय तेवढी लावायची आहे. २३४ मध्ये २६८ मिळवले तर ५०२ येतात, हे त्याचे त्यालाच दिसेल. हा विचार करायला शिक्षकाला फार तर दहा मिनिटे लागतात, आणि मी ज्याला चिंतन म्हणतो ते नेमके एवढेच आहे. 'आज मुलांचे लक्ष नव्हते' किंवा 'हा वर्ग गणितात कच्चा आहे' ही वाक्ये त्यात येत नाहीत, कारण त्या वाक्यांतून उद्या काय करायचे ते कळत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० साली विचारप्रक्रियेवर लिहिताना चिंतनाचा उगम अडचणीत असल्याचे सांगितले होते. माणूस अडतो, गोंधळतो, आणि त्या गोंधळातून लगेच बाहेर पडण्याची घाई न करता त्याची छाननी करतो, तेव्हा चिंतन सुरू होते. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्यांचे विद्यार्थी होते, तेच हे ड्यूई. त्यामुळे महाराष्ट्राला हे नाव परके नाही. पुढे १९८३ साली अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी काम संपल्यानंतर मागे वळून केलेला विचार आणि काम चालू असतानाच हाताबरोबर चालणारा विचार असा भेद केला. आपल्याला तो अनुभवाने ठाऊक असतोच. फळ्यावर उदाहरण सोडवत असताना शेवटच्या रांगेतला चेहरा पाहून आपण वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि दुसरे उदाहरण घेतो, तेव्हा तो दुसऱ्या प्रकारचा विचार झालेला असतो. मात्र पहिल्या प्रकाराचा सराव नसेल, तर दुसरा प्रकार निव्वळ अंदाजावर चालतो, असे माझे मत आहे. ज्याने संध्याकाळी बसून वह्यांतल्या चुका वाचलेल्या नाहीत, त्याला तासात तो चेहरा दिसला तरी त्यामागची अडचण कोणती हे ओळखता येत नाही.

आपल्याकडे याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात आहे. बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती होती ती वस्त्यांमधली गरीब मुले तिथे येईनात. 'यांना शिक्षणाची गोडीच नाही' असे म्हणणे अगदी सोपे होते. आजही ते वाक्य आपण शिक्षककक्षात ऐकतो. त्यांनी उलटा प्रश्न विचारला की आपली बालवाडी कुठे कमी पडते आहे, आणि मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांच्यासाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा काढली. मुलांची अनुपस्थिती हा त्यांच्यासमोरचा पुरावा होता, आणि मुलांवर शेरा मारण्याऐवजी त्यांनी शाळा बदलली.

स्वतःविषयीचा पुरावा मिळवणे मात्र अवघड असते, कारण शिकवत असताना माणूस स्वतःला ऐकत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा असे दिसले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, 'माहीत नाही' म्हणणे कमी झाले आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. आठवड्यातून एकदा तासातली दहा मिनिटे मोबाइलवर मुद्रित करून घरी ऐकावीत. मी किती वेळ थांबतो, कोणत्या मुलांची नावे घेतो, 'समजलं का?' असे किती वेळा विचारतो, एवढे ऐकले तरी पुरेसे आहे.

'समजलं का?' या प्रश्नापाशी थोडे थांबायला हवे, कारण तिथून विद्यार्थ्यांच्या चिंतनाचा विषय सुरू होतो. 'हो सर' किंवा 'हो बाई' असे जे सामुदायिक उत्तर येते, ते मुले खोटे बोलतात म्हणून येत नाही. त्यांना त्या क्षणी खरोखरच समजल्यासारखे वाटत असते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग याबाबत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून पुस्तक बंद करून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने मात्र चित्र उलटे झाले आणि आठवून लिहिणाऱ्यांना बरेच अधिक आठवले. गंमत अशी की आपल्याला हे पुढेही लक्षात राहील याची खात्री पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होती. म्हणजे मुलाला नुसते 'तुला किती समजले?' असे विचारून त्याच्या उत्तरावर विसंबणे धोक्याचे आहे. समग्र प्रगतिपत्रकाच्या नव्या नमुन्यांत विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला जागा दिली आहे, त्याचे मी स्वागत करतो. पण मुलाने आधी काही करून पाहावे आणि मग हसरा किंवा रडका चेहरा रंगवावा, हा क्रम पाळला नाही तर त्या चेहऱ्यांना काही अर्थ राहणार नाही.

करून पाहणे म्हणजे काय, तर सहावीच्या वर्गात ०.४५ मोठा की ०.५ मोठा, हे प्रत्येकाने आधी स्वतःच्या वहीत लिहायचे, शेजारी कारणही लिहायचे आणि मगच चर्चेला बसायचे. ४५ हे पाचापेक्षा मोठे म्हणून ०.४५ मोठा, असे लिहिणारी मुले जवळपास प्रत्येक वर्गात निघतात. चर्चेनंतर त्यांनी आधीचे उत्तर खोडायचे नाही. त्याच्याखालीच 'मला आधी असे का वाटले होते' हे एका वाक्यात लिहायचे. खोडरबर हे आपल्या वर्गातले सर्वांत निरुपयोगी साधन आहे, असे मी कधी कधी म्हणतो, कारण त्याने मुलाच्या विचाराचा मागच पुसला जातो. चाचणीची उत्तरपत्रिका परत दिल्यावरही हेच करता येते: घाईत चुकले कोणते, मुळातच माहीत नव्हते कोणते, आणि माहीत आहे असे वाटत होते पण चुकले कोणते, अशा तीन खुणा मुलाने स्वतः करायच्या. यांतली तिसरी खूण सर्वांत मोलाची, कारण त्या चुकीचा पत्ता मुलाला एरवी लागलाच नसता.

इथे गुणांचा प्रश्न येतो. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या इस्राएलमधल्या प्रयोगात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात फक्त अभिप्राय मिळालेली मुले सुधारली. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना मात्र अभिप्रायाचा तसा लाभ झाला नाही. 'वीसपैकी अकरा' दिसल्यावर मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, खालचे वाक्य वाचत नाही. अर्थात अभिप्रायही वाचण्याजोगा हवा. २०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर मुलाच्या सर्व अंगांचे मूल्यमापन करण्याची पद्धत आली आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना चांगली होती. थोड्याच काळात तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळू लागल्या आणि 'वर्गात लक्ष देतो', 'उपक्रमात उत्साहाने भाग घेतो' ही वाक्ये वर्गभर उतरवली गेली. '२४५ आले कारण मधल्या शून्यापाशी एक विसरलीस. नोटा मोडून पुन्हा करून बघ' ही नोंद कोणत्याही पुस्तिकेत मिळणार नाही.

एकट्या शिक्षकाने हे दीर्घकाळ करत राहणे कठीण आहे, हे मला मान्य आहे. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एखाद्या पाठाची आखणी करतात, त्यांपैकी एक जण तो घेतो, बाकीचे वर्गात बसून निरीक्षण करतात आणि नंतर सगळे त्यावर चर्चा करतात. निरीक्षकांची नजर मुख्यतः मुलांवर असते. आपल्या अध्यापक विद्यालयांतल्या सराव पाठांत निरीक्षक मागे बसून छात्राध्यापकाचा आवाज, फलकलेखन आणि प्रस्तावना तपासत असतो; मुलांनी वहीत काय लिहिले हे पाहायला तो सहसा उठत नाही. नोकरीत आल्यावरही आपण तीच सवय जपतो.

आपल्याकडे केंद्र पातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर, शिक्षण परिषदा होतात. तिथे परिपत्रके वाचून दाखवण्यात आणि ऑनलाइन माहितीचे रकाने समजावण्यात दुपार जाते, हे आपण सगळे जाणतो. त्यातला एक तास राखून ठेवावा, दोन-तीन शाळांनी मुलांची नावे झाकून एकाच उदाहरणाच्या पाच-पाच वह्या आणाव्यात, टेबलावर मांडाव्यात आणि मुलाने असे का केले असेल यावरच बोलावे. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब आणि मतदार यादीचे काम सांभाळणाऱ्या शिक्षकाकडून मी रोजच्या चिंतनाची अपेक्षा करणार नाही. आठवड्याला एक विषय, पाच वह्या आणि तीन ओळी: काय दिसले, का झाले असावे, सोमवारी काय वेगळे करणार. पुढच्या शुक्रवारी त्याच पाच वह्या पुन्हा उघडायच्या.

समोर बसलेल्या केंद्रप्रमुखांना आणि अधिकाऱ्यांना मात्र माझी एक विनंती आहे. या तीन ओळींची वही तपासणीसाठी मागू नका, तिचा नमुना ठरवून देऊ नका आणि तिची छायाचित्रे समूहावर टाकायला लावू नका. जी वही साहेबांना दाखवायची असते, तिच्यात '२४५ का आले ते मला कळले नाही' असे वाक्य कोणताही शिक्षक लिहीत नाही, आणि तेच वाक्य तर आपल्याला हवे आहे. विचारायचेच असेल, तर वर्गात जाऊन एखाद्या मुलाला त्याची वही उघडायला सांगा आणि हे उत्तर तू कसे काढलेस, ते त्यालाच विचारा.