चार्टच्या पुढचं काम

नमस्कार. आहारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा आलेली बहुतेक माणसं खुर्चीत बसता बसताच म्हणतात, "मला एक डाएट चार्ट द्या." डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसंच लिहिलेलं असतं, ओळखीतल्या कुणाला तसा चार्ट मिळालेला असतो, त्यामुळे ही मागणी मला समजते. पण या सगळ्या कामात चार्ट ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. तो लिहायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो तुमचं खाणं नीट कळायला, आणि त्याहून जास्त वेळ लागतो तो ठरलेला बदल तुमच्या दिवसात मुरायला.

पहिल्या भेटीत वजन, उंची, कंबरेचा घेर, रक्ताचे रिपोर्ट, चालू असलेली औषधं, झोप, कामाच्या वेळा हे सगळं विचारलं जातं. मग येतो तो प्रश्न: काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं? इथे माणसं जेवणं सांगतात आणि अधलंमधलं गळतं. माझ्याकडे आलेल्या एका बाई ठामपणे म्हणाल्या, "रात्री नऊनंतर मी काहीही खात नाही." जरा वेळाने ओटा कोण आवरतं, असा विषय निघाला, तेव्हा कळलं की आवरताना उरलंसुरलं त्याच संपवत होत्या. उभ्याने खाल्लेलंही खाण्यात धरायचं असतं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. मग आम्ही दिवस मागे मागे उलगडत गेलो. दुपारी एकच्या जेवणानंतर थेट रात्री आठपर्यंत पोट रिकामं. त्यामुळे जेवायला बसेपर्यंत भूक अनावर झालेली, आणि जेवणानंतरही समाधान नाही. गडबड रात्रीची दिसत होती, पण तिचं मूळ संध्याकाळी पाचला होतं. रात्रीचं खाणं बंद करा, असं मी त्यांना सांगितलंच नाही. पाच वाजता मूठभर शेंगदाणे आणि एक फळ, एवढंच ठरवलं.

म्हणून तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे: आमच्यासमोर चांगलं दिसण्यासाठी उत्तरं देऊ नका. लपवलेलं खाणं आम्हाला लागतं ते तुम्हाला रागवायला नव्हे. तिथूनच कामाला सुरुवात होते. आणि बऱ्याचदा माणूस मुद्दाम लपवतही नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही, असं सांगणारी माणसं त्यांनी तपासली. ती जेवढं खाल्लं म्हणून नोंदवत होती, त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्मांक प्रत्यक्षात पोटात जात होते. तेलाचंच बघा ना. एका ग्रॅम चरबीतून ९ उष्मांक मिळतात, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांतून ४. बाटलीतून अंदाजाने ओतलेल्या तेलात एक मोठा चमचा जास्त पडला, तर सुमारे १२० उष्मांक वाढतात, आणि ताटात ते दिसतही नाहीत. अशा वेळी चमच्याने मोजून तेल घालणं एवढा एकच बदल पुरेसा काम करून जातो.

आता, सोबत राहून केलेल्या कामाने किती फरक पडतो, तेही ऐका. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. एका गटाला मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्या दिल्या, एका गटाला औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला गोळ्या, आणि एका गटाला खाणं-व्यायाम बदलायला मदत केली. दिसायच्या गोळ्यांच्या गटाशी तुलना करता मेटफॉर्मिनने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, जीवनशैलीच्या गटात ५८ टक्क्यांनी. या आकड्याचा नेहमी उल्लेख होतो, पण त्यामागची मेहनत सांगायची राहून जाते. त्या गटातल्या प्रत्येकाला पहिल्या सहा महिन्यांत मार्गदर्शकाबरोबर समोरासमोर १६ सत्रं मिळाली होती, आणि पुढेही भेटी चालू राहिल्या. वजन ७ टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच ध्येय होतं. त्यात अघोरी काही नाही. तिथे कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारत होतं, अडलं तिथे वाट काढत होतं.

सवयीचंही तसंच. एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक पडला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही, हे त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कितीतरी जण एका लग्नसमारंभानंतर "आता सगळंच फिसकटलं" म्हणून सोडून देतात.

काही जणांनी मात्र स्वतःच्या मनाने प्रयोग करूच नयेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर एरवी उत्तम असलेली फळं-भाज्यासुद्धा पोटॅशियममुळे मोजून घ्याव्या लागू शकतात. वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं औषध चालू असेल तर पालेभाज्या अचानक वाढवणं किंवा बंद करणं, दोन्ही चुकीचं. त्या रोज साधारण सारख्याच हव्यात. गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास आहे अशी शंका असेल, तर तपासणीआधीच गहू सोडू नका, नाहीतर तपासणीत आजार सापडत नाही.

आहारतज्ज्ञ निवडताना त्यांचं शिक्षण आणि नोंदणी जरूर विचारा, त्यात संकोच कसला? औषधांबद्दल एक शब्द न विचारता छापील कागद हातात ठेवणारे, महिन्यात अमुक किलोची हमी देणारे, स्वतःचीच पावडर गळ्यात मारणारे, यांच्यापासून दूर राहा.

आणि दुसऱ्या भेटीला या. पुष्कळ माणसं येत नाहीत, कारण सांगितलेलं जमलेलं नसतं आणि तोंड दाखवायला लाज वाटते. पण तीच भेट खरी कामाची. पाच वाजता मीटिंग असते, फळ कापायला वेळ नसतो, घरात दुसऱ्या कुणाला ती भाजी आवडत नाही, हे सगळं पहिल्या दिवशी तुम्हालाही ठाऊक नसतं आणि मलाही नसतं. येताना चार-पाच दिवसांच्या ताटांचे फोनवर काढलेले फोटो आणा, त्यात एक सुट्टीचा दिवस हवा. आणि काय जमलं नाही ते आधी सांगा, बाकीचं नंतर बघू.