सरहद्दीमागे राहिलेलं कुरण: छोट्या पामीरचे किरगीझ

(दृश्य: पहाट. रुंद, झाडाविना दरी. दूर एका गोल घरावरचे नमदे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे जाड थर, उतरवले जात आहेत.)

अफगाणिस्तानच्या नकाशात ईशान्येला एक चिंचोळं शेपूट बाहेर आलेलं दिसतं. ते वाखान. लांबी साधारण साडेतीनशे किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी जेमतेम पंधरा. उत्तरेला ताजिकिस्तान, पूर्वेच्या टोकाला चीन, दक्षिणेला गिलगिट-बाल्टिस्तान. भारताच्या अधिकृत नकाशात अफगाणिस्तानशी जी 106 किलोमीटरची सीमा दाखवलेली असते, ती इथलीच.

हे शेपूट निसर्गाने काढलेलं नाही. रशियन साम्राज्य आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांची हद्द एकमेकांना भिडू नये म्हणून मधे अफगाणिस्तानची एक पट्टी ठेवायची, असं ठरलं. 1873 च्या करारात त्याची सुरुवात झाली आणि 1895 मध्ये सीमा आयोगाने प्रत्यक्ष डोंगरात जाऊन खांब रोवले. ज्यांच्या कुरणातून ही रेघ गेली त्यांना कुणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य: चकमकतीन सरोवर. काठाला याक.)

पट्टीच्या पश्चिमेकडच्या सखल भागात वाखी राहतात. ते इस्माइली पंथाचे शेतकरी. गहू, जव, वाटाणा पिकवतात. सरहद-ए-ब्रोगील हे त्यांचं वरचं गाव मागे टाकून आणखी काही दिवस चढत गेलं की छोटा पामीर लागतो. उंची चार हजार मीटरच्या आसपास. इथे धान्य पिकत नाही. इथे सुन्नी पंथाचे, तुर्की कुळातली भाषा बोलणारे किरगीझ राहतात, हजार-दीड हजार माणसं. लग्न झालेल्या बाईच्या डोक्यावर पांढरी ओढणी, न झालेलीच्या डोक्यावर लाल; त्यामुळे दुरूनही कोण कोण आहे ते कळतं.

एके काळी हे लोक बाराही महिने इथे राहत नसत. उन्हाळ्यात वर यायचं, थंडी पडू लागली की खाली उतरायचं, आजच्या चीनच्या किंवा मध्य आशियाच्या उबदार दऱ्यांत. 1917 च्या क्रांतीनंतर उत्तरेची वाट आवळत गेली. 1949 मध्ये चीनमध्ये सत्ता बदलली आणि पूर्वेची वाटही गेली. उन्हाळ्यापुरतं वापरायचं कुरण आता वर्षभराचं घर झालं.

म्हणून स्थलांतराची दिशाच बदलली. पूर्वी ते वरून खाली होतं, आता दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर. ऊन लागणाऱ्या उताराला किरगीझ भाषेत ‘क्युंगेय’ म्हणतात, सावलीतल्या उताराला ‘तेस्केय’. हिवाळ्यात क्युंगेय, कारण तिथलं बर्फ उन्हाने आणि वाऱ्याने लवकर हटतं. उन्हाळ्यात तेस्केय. पलीकडचं हिरवं गवत डोळ्यांसमोर दिसत असलं तरी उन्हाळ्यात तिथे कळप न्यायचा नाही. ते गवत जानेवारीसाठी राखलेलं असतं. ज्याने ते आधी चारलं त्याची जनावरं वसंतापर्यंत टिकत नाहीत.

खरी भीती जास्त बर्फाची नसते. बर्फ थोडं वितळून पुन्हा गोठलं की वर काचेसारखं कवच बसतं आणि मेंढीच्या खुराला ते फुटत नाही. गवत चार बोटं खाली असतं आणि कळप उपाशी मरतो. या संकटाला ‘जुत’ असा स्वतंत्र शब्द आहे. वाटेवर खोल बर्फ साचलं तर याक पुढे हाकतात. ते तुडवत जातात आणि मागून माणसं, घोडे निघतात.

(दृश्य: जवळून. लाकडी जाळीच्या फुलीवर चामड्याची गाठ.)

आता हे घर बघा. आधी दाराची चौकट उभी करायची. तिला जाळीदार भिंत बांधायची, ती ‘केरेगे’. वाळुंजाच्या पातळ काठ्या एकमेकींवर तिरक्या ठेवून प्रत्येक फुलीवर कच्च्या चामड्याची वादी ओवलेली असते. वादी ओली असताना बसवतात. वाळली की ती आवळते. खिळा एकही नाही, म्हणून जाळी मिटून याकच्या पाठीवर लादता येते.

जाळीला बाहेरून पट्टा आवळला की एक जण मध्यभागी उभा राहून छताचं कडं खांबावर उचलतो. हे कडं म्हणजे ‘त्युंद्युक’, किर्गिझस्तानच्या झेंड्यावर सूर्याच्या मधोमध दिसतं तेच. बाकीचे वासे लावतात. वाशाचं खालचं वाकलेलं टोक जाळीच्या डोक्याला बांधायचं, वरचं कड्याच्या भोकात खुपसायचं. भोक चौकोनी, टोकही चौकोनी तासलेलं. आपल्याकडे घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे फिरू नयेत याची सोय सुतारानेच केलेली आहे.

चूक होते ती जाळी ताणताना. जास्त ताणली तर घेर वाढतो आणि भिंत बुटकी होते. वाशांची लांबी तर ठरलेली, त्यामुळे छप्पर सपाट पडतं आणि पाणी नमद्यावर साचतं. कमी ताणली तर घर उंच, निमुळतं होतं आणि वाऱ्याला सापडतं.

नमदा घरच्याच मेंढ्यांचा. लोकर काठ्यांनी झोडपून मोकळी करायची, चटईवर आडव्या-उभ्या थरांत पसरायची, वर गरम पाणी शिंपडायचं आणि चटईसकट गुंडाळून, करकचून बांधून पायांनी लोळवत राहायचं. मग चटई काढून नुसता नमदा कोपरापासूनच्या हातांनी दाबत पुन्हा पुन्हा गुंडाळायचा. पाणी गार झालं तर तंतू एकमेकांत गुंतत नाहीत. थर कुठे पातळ राहिला तर तिथेच पुढे भोक पडतं. शिवाय नमदा आक्रसतो, म्हणून लोकर हव्या त्या मापापेक्षा मोठी पसरावी लागते.

लोकर घरची आहे, पण लाकूड नाही. पामीरवर झाड उगवत नाही. चुलीतसुद्धा वाळवलेलं शेण जळतं. घराचा सांगाडा आणि पिठाचा गहू, दोन्ही खालून येतं आणि दोन्हींची किंमत मेंढ्यांत मोजली जाते.

ज्याच्याकडे मेंढ्याच नाहीत त्याचं काय? त्यासाठी ‘अमानत’. शब्द आपल्या ओळखीचा, अर्थही जवळपास तोच. श्रीमंत माणूस आपली जनावरं गरीब कुटुंबांकडे सांभाळायला देतो. दूध आणि शेण सांभाळणाऱ्याचं, वाढलेला कळप मालकाचा. यात दानधर्मापेक्षा हिशोब जास्त आहे. कळप दहा ठिकाणी विखुरला की एका रोगात किंवा एका जुतमध्ये सगळा संपत नाही.

(दृश्य: रिकामी वाट, खिंडीकडे चढणारी.)

अशा मोठ्या मालकांपैकी एक रहमान कुल, इथल्या किरगीझांचा खान. एप्रिल 1978 मध्ये काबूलमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले. त्याच उन्हाळ्यात तो सुमारे 1300 लोकांना घेऊन खिंडी ओलांडून गिलगिटच्या बाजूला उतरला. थंड, विरळ हवेची सवय असलेली माणसं खालच्या उष्म्यात आजारी पडली, कितीतरी दगावली. 1979 मध्ये काही कुटुंबं त्यांच्यातल्याच अब्दुल रशीद खानसोबत माघारी फिरली. उरलेल्यांसाठी रहमान कुलने अमेरिकेकडे अलास्कात जागा मागितली. ती मिळाली नाही. अखेर 1982 मध्ये तुर्कस्तानने त्यांना घेतलं.

आज त्यांचं गाव व्हान प्रांतात आहे. नाव उलुपामीर, म्हणजे थोरला पामीर. भोवती कुर्द वस्ती. कुर्द बंडखोरांविरुद्ध सरकारने इथल्या पुरुषांना ग्रामरक्षक म्हणून बंदुका दिल्या. एका सरहद्दीवरून सुटलेले दुसऱ्या सरहद्दीवर पहाऱ्याला उभे राहिले.

(दृश्य: पुन्हा छोटा पामीर. संध्याकाळ. दुधाचा, मिठाचा चहा ओतला जातो आहे.)

मागे राहिलेल्यांना किर्गिझस्ताननेही बोलावून पाहिलं. 2017 मध्ये 33 जणांना नारिन प्रांतात नेण्यात आलं. तिथे शाळा होती, दवाखाना होता. त्यांतले काही पुढे पामीरला परतले. नातलग आणि जनावरं तिकडेच राहिली होती.