रोज तेच झाड: साताऱ्यातली उघड्यावरची बालवाडी

नमस्कार! सकाळचे पावणेआठ वाजलेत आणि मी साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, एका चिंचेखाली बसलेय. आमची उघड्यावरची बालवाडी रोज इथंच भरते. पंधरा मिनिटांत मुलं येतील. बारा जण आहेत, साडेतीन ते सहा वर्षांचे. ती आली की मला कॅमेऱ्याकडं बघायला फुरसत नसते, म्हणून आत्ताच बोलून घेते.

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच आयांनी एकच प्रश्न विचारला. "ताई, आमच्या बालवाडीतून महिन्याला एक निसर्गसहल नेतात. मग ते आणि तुमचं एकच ना?"

नाही. एकच नाही. आणि आजचा सगळा व्हिडिओ मी एवढ्याच मुद्द्यावर करणार आहे.

सहलीला जागा नवी असते. मूल हरखतं, पळतं, डबा खातं, दमून गाडीत झोपतं. मजा येते, जरूर न्या. पण इथं आम्ही रोज त्याच चिंचेखाली येतो. उन्हाळ्यात तीच, पावसाळ्यात तीच. जागा ओळखीची झाली की मग मूल बघायला लागतं.

जरा खाली दाखवते.

(जमिनीचं जवळून दृश्य)

ही पडकी भिंत, आणि तिच्या आडोशाची ही मऊ, भुसभुशीत माती. त्यात हे खड्डे दिसतायत? नरसाळ्यासारखे, रुपयाच्या नाण्याएवढे. प्रत्येकाच्या तळाशी एक किडा मातीत दडून बसलेला असतो. मुंगी घसरून आत पडली की तो डोक्यानं खालून माती उडवतो, मुंगी आणखी घसरते आणि त्याच्या जबड्यात जाते. मोठा झाल्यावर ह्याच किड्याला चतुरासारखे लांब पंख फुटतात. ह्याला मुंगीसिंह म्हणतात.

आमच्यातली एक साडेचार वर्षांची मुलगी इथं नऊ दिवस बसली. पहिल्या दिवशी तिनं काडीनं खड्डा मोडला. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी खड्डा परत तयार! ती माझ्याकडं पळत आली, "ताई, ह्यात कोण राहतंय?" मी म्हटलं, "बघ की." मग तिनं मातीचा एक कण आत टाकला, आतून माती उडाली. पान टाकलं, काही नाही. मुंगी सोडली आणि श्वास रोखून बसली. पुढं दोन दिवस वळवाचा पाऊस झाला. उघड्यावरचे सगळे खड्डे गेले, भिंतीच्या आडोशाचे राहिले. तेव्हा ती मला म्हणाली, "त्याला वली माती चालत नाय."

वाक्य तिचं, शोध तिचा. ह्या नऊ दिवसांत मी तिला फक्त दोन शब्द बोलले होते. हे एका सहलीत कसं व्हावं?

आता ही उघड्यावरची बालवाडी आली कुठून? डेन्मार्कमध्ये 1950 च्या दशकात एला फ्लाटाऊ नावाच्या बाई आपल्या आणि शेजारपाजारच्या मुलांना रोज रानात नेत, त्यातून तिथली पहिली रानातली बालवाडी उभी राहिली. जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या बालवाडीला 1993 मध्ये सरकारी मान्यता मिळाली, आणि आज त्या देशात अशा हजाराहून जास्त बालवाड्या आहेत. बर्फातसुद्धा मुलं बाहेर असतात.

पण मला मनापासून सांगायचंय ते आपल्या घरचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ! 1945 मध्ये ह्या दोघींनी पालघरकडच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतायत आणि तिथंच शिकणं चाललंय. साधनं कुठली? पानं, बिया, शिंपले, खडे. महागडी खेळणी आणायची कुठून, आणि कशाला? "हे परदेशी फॅड आहे" असं कुणी मला म्हटलं की मी कुरणशाळेचं नाव सांगते. आपल्या मातीत हे झालेलं आहे, आपणच विसरलो.

आता पालकांचा खरा घोर. "ताई, लिहायला कधी शिकवणार?"

मी इथं येण्याआधी एका शाळेत होते. तिथं तीन वर्षांच्या मुलांना चार रेघी वहीत ओळी काढायला लावायचो. मीही लावायचे. एक पोरगं पेन्सिल मुठीत आवळून धरायचं, ओठ चावायचं आणि रोज रडायचं. त्याच्या वहीवर मी लाल शेरा मारलाय. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते, आणि तिचं हाड व्हायला वर्षं लागतात. तिसऱ्या वर्षी एक्स-रे काढला तर आठांतली जेमतेम निम्मी दिसतात. ज्या हाताची अजून घडण चाललीय त्याच्याकडून आपण सुवाच्य अक्षर मागतो!

मग हाताला काय हवं? माती उकरणं, फांदीला लोंबकळणं, ओला चिखल थापणं, चिंचोके एकेक करून उचलणं. ह्यातून आधी खांदा, मग कोपर, मग बोटं तयार होतात. मोजणीही तिथंच होते. काल दोघं भांडत होते, एकाकडं सतरा चिंचोके आणि दुसऱ्याकडं वीस. शेवटी ओळीत मांडून, जोड्या लावून त्यांनी स्वतःच ठरवलं की तीन जास्त आहेत. वजाबाकी हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही.

डोळ्यांचं तर ऐकाच. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं, बाकीच्यांत नाही. बाहेर न नेलेल्या शंभरातल्या साधारण 40 मुलांना लांबचं कमी दिसू लागलं, बाहेर नेलेल्यांत ते प्रमाण 30 होतं. एवढाच फरक, फक्त मोकळ्या उजेडात राहण्याचा.

बरं, भीती. साप, विंचू, काटे. भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आहेत. म्हणून मुलं यायच्या आधी आमच्यातली एकजण काठी आपटत सगळी जागा फिरून येते. दगड हातानं उलटायचा नाही, आधी काठीनं. पायात बूट. झाडावर आग्या मोहोळ बसलं की ते उठेपर्यंत आम्ही तिकडं फिरकत नाही. खाजकुयली, धोतरा, कण्हेर आणि गुंज ही चार झाडं प्रत्येक मूल पहिल्या आठवड्यात ओळखायला शिकतं. बारा मुलांमागं आम्ही तिघी असतो. प्रतिसर्पविष कुठल्या दवाखान्यात मिळतं हे तिघींनाही पाठ आहे. आणि नदीकाठ नको. सांगलीकर मैत्रिणींनो, तुमच्याकडं कृष्णेत मगरी आहेत, तुम्ही तर अजिबात नको. वनखात्याची हद्द असेल तर आधी परवानगी घ्या.

बर्फ आपल्याकडं नाही, ऊन आहे. त्यामुळं मार्च-एप्रिलमध्ये आम्ही साडेदहाला आवरतो. मृग लागला की रेनकोट चढवून येतो, मखमली लाल मृगाचे किडे शोधायला. विजा कडाडल्या की मात्र सरळ घर.

कासच्या पठारावर न्यायचं का, असंही एकीनं विचारलंय. वर्षातून एकदा न्या, पायवाटेवरूनच चाला. तिथली फुलं जांभ्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरावर जगतात, तुडवली की गेली. रोजच्या खेळाची ती जागा नव्हे.

तुमच्या अंगणवाडीसमोर एखादं कडुलिंबाचं नाहीतर वडाचं झाड असेलच. अंगणवाडीच्या ताईंना भेटा, सकाळचा एक तास तिथं मागा. आया-आज्यांनी पाळीपाळीनं सोबत बसा. फी लागत नाही, बस लागत नाही. एक जुना चमचा, एक डबा आणि पाण्याची बाटली द्या. पहिले चार दिवस मूल तुमच्या पदराला धरून उभं राहील, "आता काय करू?" विचारेल. त्याला खेळ सुचवू नका, फोनही काढू नका. आमच्याकडं हे पाचव्या-सहाव्या दिवशी थांबतं. मग ते आपोआप खाली बसतं आणि चमचा मातीत घालतं.

फाटक वाजलं, आले वाटतं. आज भिंतीजवळचा एक खड्डा काल संध्याकाळपासून बुजलाय, तो ह्यांच्यातलं कोण आधी बघतंय ते मला बघायचंय. येते मी.