पूर, गोचीड आणि गीरचा सिंह

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ४३ फुटांच्या (धोका पातळीच्या) वर गेलं की काय होतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, २०१९ सगळ्यांनी बघितलंय. पण २०१५ च्या जूनमध्ये गुजरातला अमरेलीकडं शेत्रुंजी नदीला असाच पूर आला आणि त्यात दहाएक सिंह मेले, हे किती जणांना माहितीय?

हवामान बदल म्हटलं की वाटतं ऊन वाढणार आणि सिंह तडफडणार. पण गीरचा उन्हाळा तो पिढ्यानपिढ्या काढतोय ओ, खरी गोम वेगळीय. टांझानियातलं सेरेंगेटी बघा, १९९३ ला तिथं मोठा दुष्काळ पडला, रानरेडे खंगले, त्यांच्या अंगावर गोचीड लई झाले, सिंहांनी तेच रेडे खाल्ले आणि गोचिडांमधनं बॅबेसिया हा रक्तातला परजीवी सिंहांच्या अंगात शिरला, आणि नेमका तेव्हाच कुत्र्यांचा डिस्टेंपर हा व्हायरसचा रोग पसरला. १९९४ मध्ये जवळपास १००० सिंह गेले, म्हणजे तिथले एक तृतीयांश! हा व्हायरस आधीपण येऊन गेलेला, तेव्हा सिंहांना काही झालं नव्हतं.

गीरमध्ये २०१८ ला दलखाणिया रेंजमध्ये वीसच्या वर सिंह मेले तेव्हा पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) तपासणीत डिस्टेंपरच निघाला, जोडीला बॅबेसियापण होता. इथं दुष्काळाला दोष देता येणार नाही, पण जोडगोळी तीच की.

आणि आशियाई सिंह रानात राहिलाय तो फक्त सौराष्ट्रात. अरबी समुद्र तापतोय तशी वादळं जोर धरायला लागलीत, २०२१ ला तौक्ते ऊनाजवळ म्हणजे गीरच्या अगदी दारात धडकलं आणि जंगलातली झाडंच्या झाडं आडवी झाली. थोडे सिंह मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात हलवा असं सुप्रीम कोर्टानं २०१३ लाच सांगितलंय. सिंह काय गेले नाहीत, २०२२ ला तिथं आफ्रिकेतनं चित्ते आले.

२०२५ च्या गणतीत सिंह ८९१ भरले, २०२० ला ६७४ होते. आकडा भारीच, त्याचं क्रेडिट तिथल्या मालधाऱ्यांना (गुरं राखणाऱ्यांना) आणि वनखात्याला द्यायलाच पाहिजे. पण त्यातले अर्ध्याहून जास्त गीरच्या अभयारण्याबाहेर फिरतायत, शेतात, नदीकाठाला, गावातल्या कुत्र्यांच्या शेजारी. आता बरडा अभयारण्यात सिंहांचं दुसरं घर होतंय म्हणतात, चांगलंय, पण ते पोरबंदरजवळ, म्हणजे परत त्याच समुद्राच्या कडेला.